शहाण्णवावं नाणं

"आहे की नाही, एवढंच सांगा, भन्तेजी."

सेलूकर सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

भन्ते उपसेन रिकाम्या हौदात वाकलेले होते. हौदाला तळाशी चीर गेली होती. एका हातात थापी, दुसऱ्या हातात ओल्या सिमेंटचा गोळा. ते गोळा चिरेत दाबत होते, निरखत होते, पुन्हा दाबत होते.

"आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"इथेच."

"इथे म्हणजे कुठे?"

भन्तेंनी बोटाने सिमेंट सारखं केलं. मान तिरकी करून पाहिलं.

"सोजराबाईंकडे."

"त्या कोण?"

"आमचा स्वयंपाक करतात."

"मग त्यांना बोलवा ना!"

"त्या गिरणीत गेल्या आहेत. दळण घेऊन येतील."

"कधी?"

"दळून झालं की."

सरांनी डोळे मिटून घेतले. शाळेत कुणी असं उत्तर दिलं असतं, तर त्याला त्यांनी तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं असतं. पण समोर चीवर नेसलेला सत्तरीचा भिक्खू होता, आणि तोही आधीच हौदात उभा होता.

ऊन कडक होतं. एसटीने फाट्यावर सोडल्यापासून डोंगराच्या पायथ्याच्या या विहारापर्यंत सर दीड कोस चालत आले होते. काखेत शबनम, शबनममध्ये जुन्या शालीत गुंडाळलेली एक जाड वही. वाटेत दोनदा ठेच लागली, तेव्हा दोन्ही वेळा त्यांनी आधी वही चाचपली आणि मग अंगठा.

प्रल्हाद सेलूकर जालन्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. युरोप खंड शिकवावा तर त्यांनीच. नकाशावर छडी टेकली की राईन नदी वाहू लागे, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगत. स्वतः सर मात्र हैदराबादच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

मग दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर लगेच, ती बातमी आली. युरोपातल्या बारा देशांनी आपापली जुनी नाणी मोडीत काढली आणि सगळ्यांनी मिळून एकच नवं चलन सुरू केलं. युरो. प्रत्येक देशाची आठ नाणी. एक बाजू सगळ्यांची सारखी, दुसरीवर ज्याचं त्याचं चित्र.

बारा आठे शहाण्णव.

सरांनी त्या दिवशी वही आणली. जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते शोधले. डब्लिनला नर्स झालेली एक, म्यूनिकला इंजिनियर झालेला एक, माद्रिदच्या हॉटेलात आचारी झालेला एक... त्यांना पत्रं गेली, त्यांच्या मित्रांना गेली, मित्रांच्या घरमालकांना गेली. 'नाणं कोरं हवं. बोटाने धरू नये, चिमट्याने उचलावं. कापसात गुंडाळावं.' डब्लिनच्या मुलीने नाण्याबरोबर आपल्या बाळाचा फोटो पाठवला होता. फोटोची कड लागून नाण्यावर ओरखडा उठला. सरांनी उलटटपाली तिला दुसरं नाणं पाठवायला लिहिलं. बाळाचं नाव विचारायचं राहिलं.

पंच्याण्णव नाणी जमली. एक जमेना. फिनलंडचा एक सेंट. सगळ्यांत लहान, सगळ्यांत हलकं. फिनलंडमध्ये सरांचा एकही विद्यार्थी पोचला नव्हता.

आणि येत्या रविवारी शाळेच्या सभागृहात प्रदर्शन होतं. पत्रिका छापून, वाटून झाल्या होत्या. 'बारा देश, शहाण्णव नाणी. संपूर्ण संच.'

सोमवारी औषधांच्या दुकानात त्यांना कळलं, की डोंगराखालच्या विहारात फिनलंडची कुणी बाई महिनाभर ध्यानाला राहून गेली आणि जाताना एक नाणं मागे ठेवून गेली. लाल, तांब्याचं, नखाएवढं.

आज गुरुवार होता.

"भन्तेजी, मी दोन हजार रुपये आणलेत," सर म्हणाले. त्यांनी खिशातून पाकीट काढून हौदाच्या काठावर पुढे केलं. "विहाराला दान समजा."

भन्ते एक पाऊल मागे सरकले.

"ते आत ठेवा, सर. मी पैशाला हात लावत नाही. बेचाळीस वर्षं झाली."

"मग दानपेटीत टाकतो."

"टाका. पण नाणं दानपेटीचं नाही."

"तुम्ही त्या बाईंना सांगा. तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. तुमच्या शिष्याच ना त्या?"

"नाही," भन्ते म्हणाले. "मी त्यांच्या हातचं जेवतो."

"मग?"

"मग शब्द कुणी कुणाचा मोडायचा नाही, ते तुम्हीच बघा."

सरांनी पाकीट खिशात कोंबलं. या माणसाला सरळ बोलता येत नव्हतं, की येत असून बोलायचं नव्हतं?

भन्ते हौदातून वर आले. काठावर बसले.

"बघू तरी, काय जमवलंय."

सरांना एवढंच हवं होतं. त्यांनी काठावर रुमाल पसरला, त्यावर शाल उलगडली, शालीतून वही काढली. पानं जाड, पारदर्शक. पानाला आठ खिसे, खिशात एकेक नाणं. उन्हात ती अशी झळकली, की सरांचा आवाज आपोआप वर्गातला झाला.

"ही आयर्लंडची वीणा. हे ग्रीसचं घुबड, त्यांचं प्राचीन चिन्ह. हा इटलीचा हातपाय पसरून उभा राहिलेला माणूस. एका देशाला एक पान. एकही नाणं वापरलेलं नाही. एकालाही माणसाच्या बोटाचा डाग नाही."

"सुंदर आहेत," भन्ते म्हणाले. ते मनापासून बघत होते. "पान उलटा."

"पुढचं?"

"नाही. हेच. मागून."

सरांनी पान उलटलं. मागून आठ आकडे दिसले. दुसऱ्या देशाचं पान उलटलं. तेच आठ. तिसऱ्याचं. तेच.

"ही सामायिक बाजू," सर म्हणाले. "बाराही देशांची एकच. त्यात बघण्यासारखं काही नाही."

"दुकानदार कुठली बघतो?"

"अं?"

"तिथला दुकानदार. पाव विकणारा. नाणं हातात आलं, की कुठली बाजू बघतो?"

"ही. आकड्याची." सर तुटक बोलले. "पण मी दुकानदार नाही, भन्तेजी."

"हं..."

शेवटच्या पानांत नोटा होत्या. पाचाची, दहाची, विसाची. त्याहून मोठ्या सरांच्या निवृत्तिवेतनात बसल्या नव्हत्या.

"हा पूल कुठला?" भन्तेंनी विचारलं.

"कुठलाच नाही. नोटांवरचे सगळे पूल कल्पनेतले आहेत. एका देशाचा खरा पूल घेतला असता, तर बाकीचे रुसले असते."

"म्हणजे हा पूल नाहीच?"

"नाही."

"आणि बारा देश त्यावरून जातात."

सरांनी वाटेकडे नजर टाकली. मुद्दा नाण्याचा होता, पुलाचा नव्हता. डोंगराच्या वाटेवर अजून कुणी दिसत नव्हतं. शेवटची एसटी साडेचारला होती.

भन्ते उठले. बादलीतल्या पाण्याने त्यांनी हात धुतले. नखांतलं सिमेंट काढलं. चीवराच्या टोकाला हात पुसले, आणि पुन्हा येऊन वहीसमोर बसले. मग तर्जनी पुढे करून, कशालाही न टेकवता, ते पानांवरून फिरवू लागले. बोट वीणेवरून गेलं. घुबडावरून गेलं. पसरलेल्या हातांच्या माणसावरून गेलं. फिनलंडच्या पानावर आलं. तिथे सात नाणी होती. आठवा खिसा रिकामा होता.

भन्तेंनी त्या खिशावर बोट टेकवलं. सावकाश. ताप बघायला कपाळावर टेकवतात तसं.

"तुमच्या सगळ्या वहीत," ते म्हणाले, "मला हात लावता येईल अशी एवढीच जागा आहे."

सरांनी वही पुढ्यात ओढली.

"हा विनोद नाही, भन्तेजी! दोन वर्षं... दोन वर्षं घातलीत मी यात!"

"मी कुठे हसलो?"

आणि खरंच ते हसले नव्हते. त्याचाच सरांना जास्त राग आला.

तेवढ्यात वाटेवर पिठाचा डबा दिसला, डब्याखाली हिरवं लुगडं, आणि मग साठीची, काटक, भराभर चालणारी एक बाई. सोजराबाई. त्यांनी डबा उतरवला, पदराने तोंड पुसलं, पाहुण्याला हात जोडले.

"चहा घेतला का न्हाई, सर?"

आपण मास्तर आहोत हे या बाईला कसं कळलं, हा प्रश्न सरांनी बाजूला ठेवला.

"चहा नको. तुमच्याकडे एक नाणं आहे म्हणे. परदेशी."

"हाव. हाय की."

"ते मला हवंय."

त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. बारा देश, शहाण्णव नाणी, रविवार, पत्रिका. वही उघडून रिकामा खिसा दाखवला. सोजराबाईंनी डोळे बारीक करून तो पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. ज्याच्या घरचं एक माणूस जेवायचं राहिलंय, त्याच्याकडे बघावं तशा त्या सरांकडे बघू लागल्या.

"एवढ्यापायी आडलं व्हय तुमचं?"

"एवढ्यापायीच."

सोजराबाईंनी पोलक्याच्या आत हात घातला आणि गळ्यातला काळा दोरा वर ओढला. दोऱ्याच्या टोकाला ते नाणं लोंबत होतं. लाल. नखाएवढं. त्यावर फिनलंडचा सिंह.

सिंहाच्या पोटात आरपार भोक होतं.

"भोक!" सरांच्या तोंडून शब्द निघाला तो ओरडल्यासारखाच. "हे... हे भोक कुणी पाडलं?"

"सायकलवाल्या गफूरनं. मिशिनीनं पाडलं. लई बारीक पाडलंय बघा."

"काडीची अक्कल आहे का तुम्हाला? अहो, कशाला भोक पाडलंत? कुणी सांगितलं होतं? उभा जन्म शोधलं तरी मिळायचं नाही ते नाणं तुमच्या हातात आपसूक आलं, आणि तुम्ही... तुम्ही ते सायकलवाल्याकडे नेलंत! अडाणीपणाला काही हद्द!"

आवाज डोंगरावर आपटून परत आला.

सोजराबाईंनी मान खाली घातली. भन्ते वहीकडे बघत राहिले.

मग सोजराबाई बोलल्या. आवाज रागाचा नव्हता. हिशोबी माणसाने समजावून सांगावं तसा होता.

"एकदा पिठात पडलं व्हतं, सर. आख्खा डबा चाळला, तवा घावलं. पुन्ना हरपू नाही म्हणून भोक पाडलं."

"पण त्याची किंमत गेली!"

"किती व्हती?"

सर अडखळले. "तशी... आठ आणे. पण तो प्रश्न नाही."

"आन् त्या बाईच्या गावात काय येतं आठ आण्याला?"

"काही येत नाही!" सर वैतागून म्हणाले. "त्यांच्या देशात हे नाणं कुणी घेतसुद्धा नाही. दुकानदार सगळा व्यवहार जवळच्या पाच सेंटांवर नेऊन मोकळे होतात. टाकसाळीत थोडीच पाडतात, ती थेट माझ्यासारख्यांच्या वह्यांत जातात. म्हणून तर ते मिळत नाही!"

"म्हंजी तिच्यापाशी उगं पडूनच व्हतं."

"हो. पडूनच होतं."

सोजराबाई हसल्या. पहिल्यांदाच.

"बरं झालं मंग. मला वाटलं, लई मोठं काही दिऊन गेली. जिवाला घोर लागला व्हता." त्या पायरीवर टेकल्या. "मव्हा हात भाजला व्हता, सर. ह्यो बघा. आठ दिस तिनं भाकरी थापल्या. मी शेजारी बसून दावायची. तिचं मला कळंना, मव्हं तिला कळंना. पयल्या दिशीच्या भाकरी कुत्र्यानं बी हुंगून सोडल्या. आठव्या दिशी एक फुगली. मंग आमी दोघी रडलो. कामून रडलो, काय म्हाईत. जाताना म्या हातातली काचंची बांगडी काढून दिली. तिच्या हातात शिरंना, साबण लावून चढवली. मंग तिनं पिशवी समदी उलथी केली आन् तळाचं हे काढून दिलं."

त्यांनी दोरा गळ्यातून काढला. दाताने गाठ सोडवली. नाणं सरांच्या तळहातावर ठेवलं.

"न्या, सर. तुमचं आडलंय."

सरांच्या तळहातावर दोन वर्षांत नाणं पडलं नव्हतं. ते नेहमी चिमट्याच्या टोकावर असायचं. हे कोमट होतं. त्याला पिठाचा आणि घामाचा वास होता. सिंह थोडा झिजला होता.

त्यांनी पाकीट काढलं. सोजराबाईंनी हात मागे घेतला.

"पैसं घेतलं, तर ते इकल्यावानी व्हईल."

"निदान अर्धे तरी घ्या."

"न्हाई."

फुकट घ्यायचं, तेही आत्ताच जिला अडाणी म्हटलं तिच्याकडून! सरांनी दात आवळले आणि नाणं आठव्या खिशात सरकवलं. ते नेमकं बसलं. पान भरलं. संच भरला. शहाण्णव.

ते आनंदाची वाट बघत राहिले.

ज्या क्षणासाठी दोन वर्षं घातली, तो आला होता, आणि त्याला भोक होतं. पंच्याण्णव कोरी करकरीत नाणी, आणि मध्ये हे. रविवारी सगळं गाव बाकीचं सोडून यावरच बोट ठेवणार. हे काय हो, सर? असं कसं?

त्यांनी मान वर केली. सोजराबाई दळणाचा डबा उचलत होत्या. उचलता उचलता त्यांचा हात गळ्याशी गेला, काही चाचपून खाली आला. डबा डोक्यावर चढला. हात पुन्हा गळ्याशी गेला... पुन्हा खाली आला. त्यांचं त्यांना ते कळलंही नसावं.

"थांबा," सर म्हणाले.

सोजराबाई थांबल्या.

"दोरा कुठाय?"

"ह्यो काय."

"द्या इकडे."

सरांनी वहीच्या खिशातून नाणं काढलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. दोऱ्याचं टोक ओलं केलं. पहिल्यांदा ते भोकाला लागून वाकलं. दुसऱ्यांदा अर्धं गेलं आणि परत आलं. "काय पण बारीक पाडलंय मेल्याने," ते पुटपुटले. सोजराबाई डोक्यावर डबा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मदत करायला पुढे आल्या नाहीत. भन्तेंनी थापी उचलली. तिसऱ्यांदा दोरा पार गेला. सरांनी गाठ मारली, ओढून पाहिली, वर आणखी एक मारली.

"घ्या. भोकाचं मला चालत नाही."

ते इतक्या चिडक्या आवाजात म्हणाले, की त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. सोजराबाईंनी दोरा गळ्यात घातला, नाणं पोलक्यात सोडलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "चहा टाकते. घेतल्याबिगर जायचं न्हाई."

सरांनी वही मिटली. शालीत गुंडाळली. मग पुन्हा उघडली, फिनलंडचं पान पाहिलं, पुन्हा मिटली.

भन्ते हौदात उतरले होते. सिमेंट अंगठ्याने दाबून पाहत होते. ते वाळायला लागलं होतं.

"तुमचं बरं आहे, भन्तेजी," सर म्हणाले. "तुम्हाला पत्रिका छापाव्या लागत नाहीत. मी रविवारी काय करू? शहाण्णव लिहिलंय. गावभर वाटलंय. पंच्याण्णव मांडणार, आणि लोक विचारणार, सर, एक कुठाय? काय सांगू मी त्यांना?"

भन्ते चिरेवरून अंगठा फिरवत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत.

स्वयंपाकघरातून स्टोव्हचा आवाज येऊ लागला.

"सांगा ना काहीतरी!"

भन्तेंनी वर पाहिलं.

"सांगा... शहाण्णवावं चलनात आहे."